हेरंबकाका बुडाले त्याची गोष्ट

नोएडाच्या एका मीडिया कॉलेजात मी फोटोग्राफीचा इतिहास शिकवते. त्यातही फ्रेंच फोटोग्राफीचा, कारण माझा प्रबंध त्यावर आहे आणि दहा महिने पॅरिसला राहून आल्यामुळे माझ्या उच्चारांना कुणी हसत नाही. दर वर्षी दुसऱ्या आठवड्यात इपोलित बायारचा तास येतो आणि दर वर्षी तो मी दहा मिनिटांत उरकते. मुलांना वाटतं, मॅडमना बायार आवडत नाही. मॅडमना स्वतःची लाज वाटते, हे मुलांना सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून आता लिहूनच काढते.

१९९५ साली मी दिल्लीतल्या एका निमसरकारी कलासंस्थेत संशोधन करायला लागले. आम्ही करोलबागेतले जुने मराठी. आजोबा नोकरीसाठी इकडे आले ते इकडचेच झाले, आणि वडिलांनी निवृत्तीच्या तोंडावर नोएडाच्या एका सेक्टरात फ्लॅट घेतला. नळाला धड पाणी यायच्या आधी आमच्याकडे केबल आली, असे ते दिवस. जो तो काहीतरी नवीन होत होता, आणि मी फ्रेंच होत होते. खांद्यावर झोळी, ओठांवर न समजलेली दोन-चार फ्रेंच वाक्यं, आणि आईने पोह्यांत लिंबू कमी पिळलं तरी भडकणारं डोकं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना निदान शेळ्या तरी असतात. माझ्याकडे नुसताच उंट होता.

संस्थेच्या तळघरात डार्करूम होती आणि डार्करूममध्ये हेरंब सबनीस होते. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचे, बुटके, अंगावर सरकारी खाकी कोट, डेव्हलपरच्या रसायनाने नखं कायमची तपकिरी झालेली. आधी मी त्यांच्याशी हिंदीत बोलायचे. एकदा ट्रेमध्ये कागद हलवताना ते पुटपुटत होते, "एक मोरया, दोन मोरया, तीन मोरया..." सेकंद मोजायची त्यांची ती रीत. घड्याळाचा काटा अंधारात दिसत नाही, पण मोरया चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही मराठी?" तर म्हणाले, "तू काल फोनवर आईशी भांडत होतीस तेव्हाच मला कळलं होतं, तू मराठी आहेस. म्हटलं, भांडण संपू दे, मग ओळख करून घेऊ." तेव्हापासून ते माझे हेरंबकाका झाले.

काका मूळचे फलटणचे. आई लहानपणीच गेली, तेव्हा बारा वर्षांनी मोठ्या बहिणीने, इंदुमतीअक्कांनी, त्यांना वाढवलं. अक्कांचं लग्न गावातच झालं, तर त्या या भावाला पाठीशी बांधूनच सासरी गेल्या. सासूची बोलणी खाल्ली, पण भावाला मॅट्रिक केलं आणि दिल्लीला पाठवला. काका फरीदाबादला एका खोलीत राहत, सकाळच्या शटलने दिल्लीला येत. लग्न केलं नव्हतं. "राहून गेलं," एवढंच म्हणत.

आता त्यांचं गुपित सांगते. काका संस्थेत प्रयोगशाळा परिचर होते. म्हणजे ट्रे धुणारा माणूस. नोकरीला लागले तेव्हा परिचर, आणि सत्तावीस वर्षांनी परिचरच. बढतीचा अर्ज नऊ वेळा वर गेला आणि नऊ वेळा खाली आला, कारण त्यांच्याकडे डिप्लोमा नव्हता. डिप्लोमा घेऊन येणाऱ्या साहेबांना प्रिंट कसा काढायचा हे काकाच शिकवत. पण फलटणला अक्कांच्या लेखी ते 'फोटो ऑफिसर' होते. पहिल्या वर्षी पत्रात थाप मारली गेली, आणि मग ती निस्तरता येईना. दर दिवाळीच्या आधी, संचालक रजेवर गेले की, काका टाय लावून त्यांच्या खुर्चीत बसत, कॅमेऱ्याचा टायमर लावत आणि स्वतःचा फोटो काढत. हातात फोनचा रिसीव्हर, समोर फाइल. तो फोटो फलटणला जाई. अक्का तो कुंकू लावायच्या आरशाशेजारी ठेवत.

हे सगळं त्यांनी मला लाल दिव्यात सांगितलं. अंधारात माणूस खरं बोलतो. ऐकणाऱ्याने ते अंधारातच ठेवायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला शिकवायला गेलं की मी चिडायची.

माझा विषय बायार. हा पॅरिसचा माणूस, अर्थखात्यात कारकून. १८३९ साली यानेही कागदावर फोटो उमटवायची स्वतःची पद्धत शोधली होती. पण मान, पेन्शन, टाळ्या सगळं दुसऱ्याच्या पदरात पडलं. तेव्हा या पठ्ठ्याने पुढच्या वर्षी स्वतःचाच फोटो काढला, उघड्या अंगाने, डोळे मिटून, बुडून मेलेल्या माणसाचा. आणि मागे स्वतःच्या मृत्यूची हकिकत लिहिली: सरकारने याच्यासाठी काही केलं नाही, म्हणून या अभाग्याने जीव दिला. थट्टाच, पण कडू. फोटो खोटं बोलू शकतो हे जगाला पहिल्यांदा या कारकुनाने दाखवलं, असं मी प्रबंधात लिहिणार होते.

काकांना मी ते चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"कारकून होता म्हणालीस?"

"हो."

"मग बरोबर आहे. आणि पुढे खरंच मेला का?"

"छे, त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं जगला."

"अरे वा!" काका खूश झाले. "मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात, ते फ्रान्सातही चालतं तर!"

तेव्हाच माझ्या सुपीक डोक्यात आलं, की हा फोटो आपण पुन्हा काढायचा, दिल्लीत, काकांना घेऊन. ते आधी नको म्हणाले. "जिवंतपणी असले फोटो काढू नयेत गं. अक्काला कळलं तर जोड्याने मारील." मग मी रुसले. मी रुसले की लोक ऐकतात याची मला सवय होती. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी संस्थेच्या गच्चीवर काका पंचा नेसून भिंतीला टेकून बसले, मान कलती केली, डोळे मिटले. हात मांडीवर, तपकिरी नखं वर. मी बारा मोरया एक्स्पोजर दिलं. प्रिंट काकांनीच काढला, आणि काय सुरेख काढला! स्वतःच्या प्रेताच्या छातीवरची सावली त्यांनी दोन बोटांच्या आडोशाने हलकी केली. "चेहऱ्यावर जरा उजेड ठेवू," म्हणाले, "गरीब असला तरी कुणाचा तरी आहे बिचारा."

मागचा मजकूर मी लिहिला. "थोडं बायारसारखं लिहिते हं," असं सांगितलं होतं. "लिही की," ते म्हणाले. वाचून दाखवलं नाही. मजकूर असा होता: 'सोबत दिसणारा देह श्री. हेरंब सबनीस यांचा आहे. सत्तावीस वर्षं ते परिचर म्हणून साहेबांचे ट्रे धूत राहिले. बढतीचा अर्ज नऊ वेळा परत आला. संचालकांच्या खुर्चीत ते वर्षातून एकदाच बसले, तेही फोटोपुरते. अखेर या अभाग्याने यमुनेत उडी घेतली. देह तीन दिवस बेवारस पडून आहे, ओळख पटवायला कुणी आलेलं नाही.'

यातलं शेवटचं सोडलं तर अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि त्याचाच मला गर्व होता. आमचे गाइड फोटो पाहून म्हणाले, असं काम या संस्थेत झालेलं नाही. मी हवेत.

त्याच सुमारास आमच्या सेक्टरातल्या मराठी मंडळींनी 'यमुनापार' नावाचा दिवाळी अंक काढायचं ठरवलं होतं. संपादक श्रीरंग राजवाडे, एका कारखान्यात मॅनेजर, माणूस उत्साही आणि वेळेच्या बाबतीत पक्का दिल्लीवाला. दिवाळी अंक संक्रांतीला निघाला. माझा लेख आठ पानांचा होता. श्रीरंग म्हणाला, "देविका, यार, आठ पानं बिल्कुल बसत नाहीत. एका पानात कर."

"मग फ्रान्सचं सगळं काढ," मी म्हटलं. "फोटो पानभर घे आणि खाली मजकूर."

हो, मीच म्हटलं. माझं नाव फोटोखाली ठळक छापणार होते ना. म्हणजे पानावर काय उरलं? डोळे मिटलेला माणूस, भोवती काळी चौकट, खाली तो मजकूर. प्रूफ माझ्याकडे आलं होतं. मी त्यातला माझ्या आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ तपासला आणि पाठवून दिलं.

चौदा जानेवारीला मंडळाची बस नेहमीप्रमाणे पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला गेली. त्या वर्षी साताऱ्याकडूनही एक बस आली होती. तिळगुळाची देवाणघेवाण झाली, पोवाडे झाले, आणि श्रीरंगने पाहुण्यांना कौतुकाने अंक वाटले. त्यातला एक फलटणच्या शाळेतल्या गुरुजींच्या पिशवीत गेला. दिल्लीत काकांना कोण ओळखत होतं? कुणी नाही. फलटणला सगळं गाव ओळखत होतं.

फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी श्रीरंगचा फोन आला. आवाज बसलेला. "ताबडतोब ये," एवढंच म्हणाला.

त्याच्या हॉलमध्ये, नव्या सोफ्याच्या अगदी कडेला, नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास करून, अंकावरचा पत्ता विचारत विचारत आल्या होत्या. बरोबर ते गुरुजी. बाईंच्या मांडीवर तांब्या होता, तोंडाला फडकं बांधलेला. रिकामा. भावाच्या अस्थी न्यायला आणलेला.

"तूच लिहिलंस ना गं बाळ?" त्या मला म्हणाल्या. "तुझं नाव आहे खाली. तू पाहिलास ना त्याला शेवटचा? मग एवढंच सांग, कुणी अग्नी दिला का त्याला? की बेवारसच..."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या सोफ्यासमोर कळलं. शेवटी मी म्हटलं, "अक्का, हेरंबकाका जिवंत आहेत. फरीदाबादला. ते नाटक होतं." त्यांना ते आधी समजलंच नाही. तीन दिवस सुतक धरलं होतं त्यांनी. मग समजलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

श्रीरंगने मारुती काढली. फरीदाबादच्या त्या गल्लीत काकांनी दार उघडलं, बनियनवर, हातात भाकरीच्या पिठाने माखलेलं उलथनं. बहिणीला पाहून तो हात तसाच राहिला. अक्कांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. कपाळ, गाल, कान. मग त्या रडल्या, आणि मग लगेच कामाला लागल्या. डबे उघडून साखर शोधली आणि चिमूटभर काकांच्या तोंडात घातली. "आयुष्य वाढलं हो हेरू तुझं," म्हणाल्या. गुरुजीही हसले. मीसुद्धा हसले. निभावलं, असं वाटलं मला.

मग अक्कांनी डोळे पुसले आणि खोली पाहिली. एक खाट, एक स्टोव्ह, खुंटीवर खाकी कोट. काका घाईघाईने म्हणाले, "क्वार्टरचं काम चाललंय अक्का, म्हणून तात्पुरता इथे आलोय."

"अच्छा," अक्का म्हणाल्या. गुरुजींनी बरोबर आणलेला तो अंक खाटेवर पडला होता. तो त्यांनी उचलला, बोट ठेवलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मग हे दुसरं लिहिलंयस, ते परिचर, ट्रे धुतो, बढती नाही... तेही नाटकच ना गं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

एक 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचा शब्द. मी इतिहासाची अभ्यासक म्हणून मिरवत होते, खोटं बोलणाऱ्या फोटोंवर प्रबंध लिहीत होते, आणि मला एक खोटं बोलता आलं नाही. सत्याची चाड होती म्हणून? अजिबात नाही. मनाची समजूत घालायला मी वर्षभर तेच म्हणत होते, पण ते कारण नव्हतं. दारात श्रीरंग उभा होता, आणि त्याला मी फुशारकीने सांगितलं होतं, की यातली शेवटची दोन वाक्यं सोडून सगळं खरंय, तीच तर गंमत आहे. आता 'हो, तेही खोटं' म्हटलं असतं तर श्रीरंगसमोर मी तोंडावर पडले असते. एवढ्यासाठी. श्रीरंग राजवाड्यासमोर माझी बाजू राहावी एवढ्यासाठी मी गप्प बसले.

पाच मोरया तरी गेले असतील. मग अक्कांनी अंक मिटला आणि म्हणाल्या, "भाकरी करपतेय हेरू."

त्या तीन दिवस राहिल्या. त्याबद्दल त्या पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत, असं काकांनी मला नंतर सांगितलं. मी माफी मागायला तळघरात गेले होते. काका ट्रे धूत होते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं, पण ते नेहमीसारखेच बोलले. "तू लहान आहेस. चालायचंच," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, पाठ न वळवता: "मेल्याचं मला काही वाटलं नाही बघ. ते खोटं आहे हे श्वास घेऊन दाखवता येतं. बाकीचं कसं खोटं पाडणार?"

त्या वर्षी गप्प बसायचा मला भलताच सराव झाला होता.

पुढच्या दिवाळीत संचालक रजेवर गेले, खुर्ची आठ दिवस रिकामी होती. काका वर गेले नाहीत. मी एकदा सुचवून पाहिलं, तर म्हणाले, "आता कशाला?" फलटणला पोस्टकार्ड जायचं, दोन ओळींचं, प्रकृती बरी आहे, तुझी काळजी घे. संस्थेने मग डार्करूम बंद केली आणि तिथे कॉम्प्युटर बसवले. काका निवृत्त झाले त्या आठवड्यात मी पॅरिसला होते. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत समितीला सगळ्यांत जास्त आवडला होता तो बुडालेल्या माणसाचा फोटो. फोटोतला माणूस कोण, असं एकाने विचारलं होतं. "एक मॉडेल," मी म्हटलं होतं.

परत आल्यावर मी फरीदाबादला जायची. फार नाही, वर्षातून दोनदा-तीनदा. ते चहा करायचे, बायारचं काय चाललंय विचारायचे. अक्कांचं नाव आम्ही दोघंही काढत नसू.

२००४ च्या मार्चमध्ये काका गेले. हृदयविकाराने, सकाळी स्टोव्हजवळ. शेजाऱ्यांना माझा नंबर सापडला. फलटणला कळवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे मी ते मागून घेतलं. गुरुजींच्या घरी फोन होता, त्यांनी अक्कांना बोलावून आणलं. पंचाहत्तरीच्या पुढच्या बाई. त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. का ठेवतील? मी शपथ घेतली, गुरुजींना शेजाऱ्यांशी बोलायला लावलं. मग अक्का पुन्हा फोनवर आल्या.

"अग्नी कोण देणार?" त्यांनी विचारलं.

"मी देते, अक्का. तुम्ही म्हणाल तर."

"दे." मग थांबून: "रिटायर झाला तेव्हा काय होता गं तो?"

आठ वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते. आता मी अडखळले नाही. "ऑफिसर होते, अक्का. फोटो ऑफिसर. ते मी लिहिलेलं सगळं खोटं होतं."

"हं," अक्का म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "हे तेव्हा म्हणायचं होतंस बाळ. मला माहीत होतंच. पण तो ऐकत होता."